लेनासाठी आलेली बाई

तेउता समाजकार्याची पदवी घेऊन आपल्या गावी, श्कोद्राला परतली, तेव्हा गावात या कामाचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. असणार तरी कसं? जुन्या कम्युनिस्ट राजवटीत देशात कुणालाच दुःख नाही असं वरून ठरलेलं होतं, मग ते निस्तरायला शिकलेली माणसं कशाला हवीत! राजवट कोसळली, राजधानी तिरानात हा अभ्यासक्रम निघाला आणि तेउता पहिल्याच तुकडीत जाऊन बसली. आईला ते मुळीच पटलं नव्हतं.

"एवढं शिकून सायकलवरून लोकांच्या घरी जायचं? ते तर पोस्टमनही करतो. आणि तो निदान पत्र तरी देतो!"

तेउताला हे फार लागायचं. म्हणूनच वर्गात शिकलेला प्रत्येक नियम ती घट्ट धरून होती. त्यातला एक असा, की कामासाठी ज्या घरी जाल तिथलं काही घ्यायचं नाही. परदेशी मास्तरांनी आणलेला नियम तो. श्कोद्रात कॉफी नाकारून कुणी जिवंत परतत नाही, हे त्यांना ठाऊक नसावं.

झेफ म्हाताऱ्याच्या घराबद्दल शेजारणीने तिच्या कानात सांगितलं होतं. त्याची नात लेना पायाने अधू होती. आईबाप इटलीत कामाला. पाहुणा आला की पोरीला आतल्या खोलीत ठेवून दार लावून घ्यायचे. शाळेच्या बाईंनी तिच्यासाठी तळमजल्यावरचा वर्ग द्यायचं कबूल केलं होतं. आता घरच्यांनी होकार दिला नाही, तर पोरीचं आणखी एक वर्ष त्याच खोलीत जाणार होतं.

"काका, मी तुमच्या घरातल्या मुलीबद्दल बोलायला आले," तेउता त्याच्या घरी जाऊन म्हणाली.

झेफने बायकोकडे बघितलं. मारा तुरुतुरु आत पळाली. घरात लग्नाची लेक प्रेना होती, आणि नीटनेटकी अनोळखी बाई मुलीची चौकशी करत आली की त्याचा एकच अर्थ लागतो: स्थळ घेऊन आली.

"तब्येत कशी आहे तिची?" तेउताने विचारलं.

"ठणठणीत!" मारा आतून परतत म्हणाली. "पाण्याच्या दोन-दोन बादल्या उचलते."

"म्हणजे... चालते ती?"

"चालते? अगं बाई, पळते! आणि दात बघशील तर सगळे स्वतःचे!"

तेउता चक्रावली. घर तर चुकलं नाही? एवढ्यात प्रेना नवा ब्लाउज घालून, मान खाली घालून कॉफीचा ट्रे घेऊन आली. तेउताने नियम आठवला आणि कप हलकेच मागे सारला.

"माफ करा, मी घेत नाही."

प्रेनाचा चेहरा पडला. मुलीच्या हातची कॉफी नाकारली, म्हणजे मुलगी नापसंत! झेफ ताडकन उठला.

"आमच्या पोरीत काय खोट काढलीस गं? कुठल्या राजपुत्राकडून आलीस तू?"

"कुठली पोर, काका? मी लेनासाठी आले!"

प्रेनासाठी आजवर पुष्कळ लोक येऊन गेले होते. लेनासाठी त्या घरात कधीच कुणी आलं नव्हतं.

बंद दारामागून बारीक आवाज आला. "आजोबा, माझ्यासाठी?"

मारा उंबऱ्यावरच बसली आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक पदरासारखं डोळ्यांना लावून रडू लागली. झेफने दार उघडलं. प्रेनाने लेनाला कडेवर आणलं. पोर टुकूटुकू बघत होती. तेउताने शाळेचं सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "वर्गाला खिडकी आहे?"

"आहे. रस्त्याकडेची."

"मग पाठवा ना आजोबा!"

झेफ म्हणाला, "पाठवतो. पण आधी ही बाई कॉफी पिईल. न पिणाऱ्या माणसाच्या हाती मी नात देत नसतो."

तेउताने गार झालेली कॉफी गाळासकट संपवली. परदेशी मास्तर गेले खड्ड्यात, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"आणि आलीच आहेस तर," मारा डोळे पुसत म्हणाली, "प्रेनासाठी कुणी बरा मुलगा आहे का बघण्यात?"

शाळा सुरू झाली. लेना रोज तेउताच्या सायकलवर मागे बसून जाऊ लागली. सगळी गल्ली बघायची. एका सकाळी तेउताच्या आईने दार उघडलं, तर बाहेर एक बाई संकोचून उभी होती.

"लेनासाठी आलेली बाई इथेच राहते का हो? आमच्याही घरी एक मुलगा आहे. आतल्या खोलीत."

आईने दार सताड उघडलं.

"हो, इथेच," ती म्हणाली. "माझीच मुलगी ती. या, आत या, मी कॉफी टाकते."