डब्यातली सनई

देवघरातल्या परडीत निर्माल्य साचतं तसे किस्से साचतात. रोज एखाददुसरं फूल, आणि एक दिवस परडी काठोकाठ भरलेली दिसते. निर्माल्य निदान नदीला नेता येतं, किस्से कुठे नेऊन सोडायचे? तुमच्यासारखं कुणी चहाला आलं की मीच सोडते झालं.

आमच्या घरी हे सगळे किस्से एकाच वस्तूभोवती साचले. सॅम्पलर! आमचे हे दिवसा पतसंस्थेत नोकरीला आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी मुंबईहून कुणाचा तरी वापरलेला सॅम्पलर आणला. दिसायला नुसता काळा चपटा डबा. त्याला एकदा एखाद्या वाद्याचा आवाज ऐकवायचा, तो आवाज फ्लॉपीवर ठेवायचा, आणि मग डब्याला जोडलेल्या कीबोर्डच्या पट्ट्यांवर तेच वाद्य वाजवायचं. फक्त वीज गेली की डबा सगळं विसरतो. पुन्हा एकेक फ्लॉपी घालून त्याला आठवण करून द्यावी लागते. त्याला लागणारा वेळ मी जपमाळेवर मोजायची. हे विचारायचे, "अजून किती?" मी सांगायची, "अर्धी माळ!"

*

डबा घरी आल्यावरचा पहिलाच दसरा. आमच्या सासूबाईंनी खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडली. विळी, सुरी, ह्यांची सायकल आणि शेजारी डबा. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम, आणि डब्यात फ्लॉपीच जाईना! मिलिंदभावजींना बोलावलं. मिलिंद कांबळे म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, वारणानगरला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. त्यांनी स्क्रू काढले, चिमटा घातला आणि फ्लॉपीच्या फटीतून कुंकवात माखलेले तांदूळ एकेक करून बाहेर काढले. अक्षता!

हे काही बोलणार, तोवर सासूबाईच कडाडल्या, "नैवेद्याला तोंड उघडं ठेवलं हुतं त्यानं. खाल्लं तर तुमचं काय गेलं?"

भावजींनी चिमटा खाली ठेवला आणि हात जोडून म्हणाले, "काकू, पुढच्या वर्षी ह्याला नुसता वास दाखवा!"

*

आता आण्णांचं सांगते. कोडोलीचे शिवाआण्णा, सनईवाले. पन्हाळा तालुक्यात आण्णांच्या सनईशिवाय अक्षता पडल्या तर लग्न लागलं का नाही अशी शंका यायची, एवढं त्यांचं नाव. ह्यांना त्यांची सनई डब्यात हवी होती. म्हणून मोठ्या मानानं त्यांना घरी आणलं.

आण्णा फेटा बांधून आले. ह्यांनी माईक लावला, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला आणि सांगितलं, "आण्णा, फक्त सा वाजवा. लांब."

आण्णांनी वाजवला.

"आता फक्त रे."

आण्णांनी सनई खाली ठेवली. "पावणं, राग न्हाय, ताल न्हाय, नुसता एकेक सूर? ह्ये वाजवणं झालं व्हय? ह्ये तर ज्वारी निवडणं झालं!"

तरी बिचाऱ्यांनी दिवसभर बसून सगळे सूर निवडून दिले. फक्त एका सुराच्या शेवटी लांबून आमच्या कुकरची शिट्टी आली. हे म्हणाले, एकदा परत घेऊ या. आण्णा म्हणाले, "वाजलं ते वाजलं. सूर परत मागायचा नसतो."

झालं! पुढे कितीतरी वर्षं ऑर्केस्ट्रात ती पट्टी दाबली की पुढच्या रांगेतल्या बायका चुळबुळ करायच्या. एकीनं तर शेजारणीला विचारलेलं मी स्वतः ऐकलंय, "गॅस बंद करून आलीस न्हवं?"

*

कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. चपलेला बुरशी येते, तिथे फ्लॉपीची काय कथा? एका श्रावणात पाहिलं तर चार फ्लॉप्यांवर पांढरी लव. भावजींनी त्या कापसानं पुसल्या आणि बजावलं, "वहिनी, घरातली सगळ्यात कोरडी जागा शोधा."

बाईच्या घरात सगळ्यात कोरडी जागा कुठली? पापडाचा डबा! मी फ्लॉप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उडदाच्या पापडांत नीट ठेवून दिल्या. पावसाळाभर एकीलाही बुरशी नाही.

गणपतीत ह्यांनी कार्यक्रमात फ्लॉपी काढली, तर तबलजी नाक पुढे करून म्हणाला, "सतीशराव, तुमची सनई तळायची का भाजायची?"

*

हसण्यावारी गेलं ते इथवर. पुढे आण्णांचे दात गेले. हिरड्यांचं दुखणं होतं, डॉक्टरांनी सगळेच काढले. सनईला ओठ लागतात आणि ओठांना आतून दातांचा टेका लागतो. कवळी बसवून पाहिली, पण सनई तोंडात धरली की कवळी हलायची आणि सूर फाटायचा. सनई खुंटीला लागली.

त्यांची एकच नात, पुष्पा. पोरीचा बाप नाही, आण्णांनीच वाढवलेली. ती पाळण्यात असल्यापासून आण्णांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, "पुष्पीच्या लग्नात दुसरा कुणी वाजवणार न्हाय. मी वाजवणार." आणि आता तिचं लग्न ठरलं, निपाणीकडचं स्थळ.

आण्णा एक दिवस आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात. तोंडावर उपरणं धरून ह्यांना म्हणाले, "तुमच्या डब्यात मी हाय न्हवं अजून?"

ह्यांनी "आहात की आण्णा!" म्हटलं खरं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. कारण तोवर डब्याचं फ्लॉपी वाचायचं यंत्र थकलं होतं. दहादा घालावी तेव्हा एकदा वाचायचं. आणि फ्लॉप्याही जुन्या झालेल्या. त्यातले सूर कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले नाहीत तर आण्णांची सनई कायमची गेली, एवढं मलाही कळत होतं.

मी गुरुवार धरले. आण्णांची सनई कॉम्प्युटरात सुखरूप पोचेपर्यंत दर गुरुवारी उपास, आणि पोचली की नृसिंहवाडीला दत्ताला पेढे.

*

भावजी त्या आठवड्यात परीक्षेत अडकलेले. ह्यांना दम निघेना. चौकात नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता, तिथे हे एक फ्लॉपी घेऊन गेले. क्लासवाला मुलगा गोड बोलायचा. त्यानं फ्लॉपी घातली. आता आमच्या डब्याची लिहायची पद्धत वेगळी, साध्या कॉम्प्युटरला ती कळत नाही. त्याला वाटलं फ्लॉपी कोरी आहे. कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करू का? म्हणजे पाटी पुसून नव्यानं आखू का? मुलानं परस्पर हो करून टाकलं. हे तेवढ्यात बाहेर सायकलला कुलूप लावायला गेलेले.

परत आले तर मुलगा हसतमुख. "काका, बिघडलेली हुती तुमची फ्लॉपी. काय पण दिसत न्हवतं. मी एकदम नव्यासारखी करून दिली बघा! चहा घेणार?"

ह्यांनी चहा घेतला. मला घरी येऊन म्हणाले, "त्याला काय बोलू? पोरानं मनापासून मदत केली!"

सनईचे खालचे सूर त्या फ्लॉपीवर होते. गेले. परत वाजवायला आण्णांना दात नव्हते. शेवटी भावजींनी शेजारच्या सुरालाच ताणून खालच्या पट्ट्यांवर बसवलं. ताणल्यावर तो आवाज जाड आणि संथ झाला. आण्णांना ऐकवायला बोलावलं. वरचे सूर वाजले तसे आण्णा मान हलवायला लागले. खालचे वाजले आणि थांबले.

आण्णा विचार करून म्हणाले, "हितनं पुढं माझा थोरला भाऊ वाजवतोय जणू." मग परत मान हलवत, "असू दे. त्यो बी बरा वाजवायचा."

*

भावजी बौद्ध. नवस, उपास ह्यांवर त्यांचा विश्वास नाही, आणि ते तसं सरळ सांगतात. मला म्हणाले, "वहिनी, माझा नवसावर विश्वास नाही, तुमच्यावर आहे. तुम्ही उपास करा, मी सोल्डर करतो." आणि दर गुरुवारी संध्याकाळी वारणानगरहून यष्टीनं यायचे आणि माझी साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घ्यायचे. हे चिडवायचे, "उपास तिचा, पुण्य तिचं, तुला काय?" भावजी म्हणायचे, "मला शेंगदाणे!"

फ्लॉपीचं यंत्र असं थकल्यावर डबा थेट कॉम्प्युटरला जोडायचा असं त्यांनी ठरवलं, म्हणजे पुढे सूर कॉम्प्युटरातूनच डब्यात पाठवता येतील. मनगटाएवढी जाड केबल, तिच्यावर एकामागे एक यंत्रं जोडायची. सगळं जोडलं तरी कुणी कुणाशी बोलेना. तीन गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी भावजी एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, "साखळीच्या शेवटच्या यंत्राला एक बूच लावायचं असतं. ते लावलं नाही तर पाठवलेलं सगळं टोकाला आपटून परत येतं आणि गोंधळ होतो. तेच विसरलो!"

मी खिचडी वाढता वाढता म्हटलं, "म्हणजे उत्तरपूजा राहिली."

"म्हणजे?"

"पूजा कितीही साग्रसंगीत करा भावजी, शेवटी उत्तरपूजा केल्याशिवाय संपली असं होत नाही. देव तिथेच ताटकळत बसतो."

भावजी ह्यांच्याकडे वळले. "सतीश, अरे मी हे पोरांना फळ्यावर अर्धा तास समजावतो!"

त्या वर्षीपासून त्यांच्या वर्गात त्या बुचाला उत्तरपूजाच म्हणायचे, असं ऐकते.

*

साखळी बोलायला लागली, पण फ्लॉप्यांतले सूर अजून कॉम्प्युटरात उतरवायचे होते. त्यासाठीचा प्रोग्राम भावजींनी शोधला, तर तो नव्या कॉम्प्युटरवर चालेना. जुन्या पद्धतीचा फ्लॉपी ड्राइव्ह असलेला जुनाच कॉम्प्युटर हवा. तो त्यांनी एका ओळखीच्या माणसाच्या माळ्यावरून आणला. आत पालीची अंडी होती. ती आधी कुंडीत नेऊन ठेवली, मग काम सुरू.

वैशाखी पौर्णिमेचा दिवस. भावजी सकाळी विहारात वंदना करून थेट आमच्याकडे आले आणि मी निघाले वाडीला. म्हटलं, पेढे घेऊनच जाते, देवाला जरा आगाऊ कळवलेलं बरं! दर्शन झालं आणि घाटावरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला.

"कितपत झालंय हो?"

हे म्हणाले, "सगळ्या आल्या, शेवटची येईना. अडकलीय."

"जोर करू नका. जरा विश्रांती द्या. थंड फडक्यानं पुसून बघा."

मी तिथेच बाकड्यावर बसून नामस्मरण करत राहिले. बूथवाला दोनदा वळून बघून गेला. थोड्या वेळानं परत फोन लावला. ह्या वेळी भावजी बोलले, "वहिनी, आली! आवाज पण आला. खणखणीत!"

माझे डोळे भरून आले. फोन ठेवला तर बूथवाला पैसे घेईना. "ऱ्हाऊ द्या मावशी. आधी सांगा, मुलगा का मुलगी?"

मी पेढ्याचा पुडा उघडून त्याच्यापुढे धरला. एवढ्या आनंदात त्याला सगळं समजावून कुठे सांगत बसू?

*

पुष्पाचं लग्न कोडोलीतच होतं, शाळेच्या मैदानात मांडव. आम्ही टेम्पोतून कॉम्प्युटर, डबा, कीबोर्ड, कर्णे असं सगळं नेलं. वीज जाण्याची भीती, म्हणून गावातल्या मंडळाचा जनरेटर मागून आणला. ऊन आणि धूळ लागू नये म्हणून स्टेजच्या मागे साड्यांचा आडोसा केला आणि सगळं घेऊन हे आत बसले. भावजी कॉम्प्युटरपाशी, हातात पुठ्ठा घेऊन त्याला वारा घालत!

मुहूर्ताला हे वाजवायला लागले. मांडवातली म्हातारी माणसं बोलायची थांबली. त्यांना ती फुंक ठाऊक होती. एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "शिवाची सनई गं." पुष्पानं अंतरपाटामागून मान वर केली आणि आजोबांना शोधलं. आण्णा पहिल्या रांगेत बसले होते, कवळी न लावता, नवा फेटा बांधून. त्यांची बोटं मांडीवर चालली होती, एकेक भोक उघडत, मिटत.

अक्षता पडल्या. पंगती बसल्या. ह्यांना कुणी उठू देईना, म्हणून सनई चालूच.

आमच्याकडे वाजंत्र्याला टॉवेल-टोपीचा मान असतो. नवऱ्या मुलाचे मामा, निपाणीचे, दणकट गृहस्थ, त्याच दिवशी पहिल्यांदा कोडोलीत आलेले. ते टॉवेल-टोपी आणि नारळ ताटात घेऊन पंगतीतून फिरायला लागले. "काय वाजवलंय वो! असं आमच्याकडं न्हाय ऐकलं. सनईवालं पावणं कुठं हायत?"

कुणीतरी बोट केलं. मामा आण्णांच्या पानासमोर येऊन उभे राहिले. आण्णा बोटानं श्रीखंड चाखत होते. कर्ण्यातून सनई वर वर चढत होती.

मामांनी आण्णांकडे पाहिलं, कर्ण्याकडे पाहिलं, परत आण्णांकडे पाहिलं.

"आजोबा, सनईवालं तुम्हीच व्हय?"

"मीच की."

"आवो, मग तुम्ही हितं श्रीखंड खाताय, तर तिथं वाजवतंय कोण?"

आण्णांनी बोट चाटून स्वच्छ केलं, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि टोपीसाठी डोकं पुढे केलं.

"मीच!"