खिडकीमागचा राब

त्या वेळी आम्ही उल्हासनगरला, कॅम्पातल्या एका खोलीत राहत होतो. ह्यांना दमा. उन्हाळ्यात तो इतका वाढला की डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस डोंगराची हवा खाऊन या. शेजारच्या सिंधी बाईने जागाही सुचवली. बदलापूरला उतरून पुढे बैलगाडीने जायचं. डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिथे एक विधवा शेतकरीण घराची मागची खोली पाहुण्यांना देते. “एकदम शांती है, भाभी,” ती म्हणाली.

ती शांतीच मला खायला उठली. खोली खरं तर दृष्ट लागावी अशी होती. सारवलेली जमीन, दोन खाटा, उशाशी पाण्याचा तांब्या, मागे एक खिडकी. घरधनिणीला मी पहिल्याच दिवशी मावशी म्हणू लागले. ती सकाळी गरम पेज आणून द्यायची आणि ह्यांनी ती संपवेपर्यंत दारात उभी राहायची. पण मी जन्माची भित्री. सासूबाई म्हणायच्याच, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. इथे ना डॉक्टर, ना मोटार, आणि ह्यांचा श्वास कधी अडेल याचा नेम नाही.

एका सकाळी पाहते तर डोंगरउतारावर जिकडेतिकडे धूर. वणवा लागला म्हणून मी ओरडतच चुलीपाशी गेले. मावशी हसली.

“राब हाय तो, बाय. दिवाळीपासनं शेण-टहाळ जमवून शेतात पसरलाय. भाजला म्हंजे तण मरतं. मग त्या राखेत भात पेरायचा, नि तीच रोपं सगळ्या शेतात लावायची.”

हवा खायला आलो ते नेमके राब भाजायच्या दिवसांत! सिंधी बाई आली होती थंडीत, तिला काय माहीत. मी गाडीवानाला बोलवायला सांगितलं, तर गाडी बाजाराला गेलेली, येणार संध्याकाळी.

दुपारपर्यंत इतरांचे राब विझत आले आणि मावशीच्या दिराने आमच्या खिडकीमागचा तिचा राब पेटवला. धूर सरळ खोलीत. खिडकी लावली तर तो कौलांतून उतरू लागला. हे खाटेवर गुडघ्यांना हात टेकून बसले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, ओठ निळे पडत चालले होते. गोळी दिली, उपयोग झाला नाही. बाहेर न्यावं तर ह्यांना उठवत नव्हतं, बोलता येत नव्हतं, नुसते माझ्याकडे बघत होते. ती नजर मला सहन होईना. आज मी विधवा होणार, याशिवाय डोक्यात काही नव्हतं.

मी धावत जाऊन मावशीचे हात धरले. तिने एकदा राबाकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि आत निघून गेली. भांडी वाजली. माझ्या माणसाचा जीव चाललाय आणि हिला स्वयंपाक सुचतोय! मला तिचा असा संताप आला की काय सांगू.

मावशी बाहेर आली ती डोक्यावर एक आणि कमरेवर एक हंडा घेऊन. झऱ्यावरून सकाळभर वाहिलेलं पाणी. दीर ओरडला, “वयनी, खुळी झालीस का? भिजलेला राब पुन्हा पेटतो का? पाऊस तोंडावर आलाय, टहाळ कुठनं आणशील? खाशील काय?”

तिने हंडा ओतला. आधी धूर दुप्पट उसळला आणि हे खाटेवर कलंडले. मी डोळेच मिटून घेतले. दुसरा हंडा, मग घरातून आणलेला तिसरा. दिवेलागणीला ह्यांचा श्वास संथ झाला. रात्री मावशीने आम्हाला गाडीत बसवलं आणि ह्यांच्या अंगावर आपली घोंगडी टाकली.

दिवाळीनंतर आम्ही साडी-चोळी घेऊन तिच्याकडे गेलो. हे चांगले धडधाकट होते, गाडीतून उडी मारून उतरले. मावशीने तीच खोली दिली. मी खिडकी उघडली. आजूबाजूच्या शेतांत भात कापून उरलेले सड होते. मावशीच्या शेतात नुसतं गवत, कमरेइतकं.

“मावशी, भात?”

ह्यांनीही मान वळवली. मावशीने लगबगीने येऊन खिडकी लावून घेतली.

“वारा गार हाय,” ती म्हणाली. “भाऊंच्या छातीला लागंल.”