वेल्ह्याची पेटी, भोरच्या खुंट्या

पुण्याहून वेल्ह्याला आता तुम्ही गाडीने दोनएक तासांत पोहोचाल आणि तोरण्याचे फोटो काढत बसाल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही गेलो ते एसटीने, अख्खा दिवस घालवून. आणि आम्ही म्हणजे मी एकटीच!

माझा थोरला भाऊ, दादा, पुण्यात अँप्लिफायर बनवायचा. आतलं सगळं त्याचं, बाहेरचं रूप माझं, मी चित्र काढून द्यायची. त्या वेळी एका नामांकित सर्जनांनी ऑर्डर दिली होती. त्यांच्या घरी सगळं विलायती. दादाने बजावलं, "सुमे, हा सेट त्यांनी नाकारला, तर पुढचे सगळे सेट विलायती फोटो बघून करायचे. तुझी चित्रं बंद." मी म्हटलं, बघतेच!

स्वारगेटहून पहाटेची गाडी धरली. चेलाडी, नसरापूर, मग पुढे नुसता खडखडाट. हाडं खिळखिळी झाली. वेल्ह्यात दादाच्या ओळखीच्या सुतारांनी सेटसाठी शिसवी पेटी करून ठेवली होती. कोपरे असे जुळवलेले की सांधा बोटाला लागेना. त्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवले, तिथेच मुक्काम केला. गेलात तर ही भाकरी चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन उलट चेलाडीला आले आणि भोरची गाडी पकडली. कंडक्टरने पेटीचं लगेज लावलंच. शेजारच्या आजी मघापासून पेटीवरून हात फिरवत होत्या.

"देवारा का गं, बाई?"

"नाही आजी, गाण्याचं यंत्र बसणार आहे यात."

"मंग देव न्हाई व्हय आत? लई ग्वाड केलाय पर."

मला काय मूठभर मांस चढलं म्हणून सांगू!

भोरला इब्राहिमचाचा खरादी होते, लाकूड कातणारे. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब करायचे. मला अँप्लिफायरची बटणं हवी होती, एक मोठं, तीन लहान, काळ्या शिसवी लाकडाची. चाचा त्यांना खुंट्या म्हणायचे, तंबोऱ्याला असतात तशा. माझं चित्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं.

"लाल रेघ कुटं हाय?"

"रेघ नकोय, चाचा. नुसतं काळं."

"आमच्या हितनं लाखेच्या रेघेबिगर काय भाईर पडत न्हाई, ताई. उघडंबोडकं दिसतंय."

"आणि रेघेने पाळणा दिसेल! नको म्हणजे नको."

"बरं," म्हणाले आणि खराद सुरू केला. मी नीरेच्या काठी जाऊन बसले. दोन तासांनी त्यांनी पुडकं दोरीने घट्ट बांधून हातात दिलं. मी तशीच शेवटच्या गाडीने पुण्याला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन यायचे होते. घासलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर दादाने मोठी खुंटी बसवली आणि ओरडलाच, "सुमे! हे काय? आता फक्त घुंगरू बांध!" खुंटीच्या मागच्या कडेला, पट्टीला टेकते तिथे, दोऱ्याएवढी लाल रेघ. चारही खुंट्यांना! चाचांनी दिलेला शब्द मोडला होता. माझा पारा असा चढला! खरवडावी तर शिसवी लाकडाला ओरखडा. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

डॉक्टर खुर्ची ओढून सेटसमोर बसले. मोठी खुंटी हळूच फिरवली. लाल रेघेची झाक चकचकीत पट्टीवर पडली होती, काळ्या खुंटीखाली बारीक निखारा असावा तशी. मी स्वतःसुद्धा ते तेव्हाच पाहिलं.

"विलायती वाटत नाही हा," ते म्हणाले. दादाने डोळे मिटले.

"पण विलायतेत मी असा देखणा पाहिलाही नाही. ही लाल रेघ कुणाला सुचली?"

दादाने बोट माझ्याकडे केलं. "आमची सुमा. बाहेरचं सगळं तिचं."

डॉक्टर माझ्याकडे कौतुकाने बघत होते. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

पुढे मी पुष्कळ सेटांची रूपं काढली, बक्षिसंही मिळाली. पण त्या सहलीचा खरा अभिमान कशाचा म्हणाल, तर त्या खोलीत दादासमोर मी ताठ मानेने जे बोलले त्याचा: "भोरच्या इब्राहिमचाचांना सुचली. मी तर नको म्हणून भांडले होते."