जमिनीवरचं जहाज

आमच्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर माजी सैनिकांच्या नावांचा फलक आहे. वर दहा नावं, मग थोडी मोकळी जागा आणि तिच्याखाली अकरावं. कोरणारा कारागीर एकच, पण अकराव्या नावात रंग वर्षभराने भरला म्हणून ते जास्त ठळक दिसतं. कळंबला नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, हे एकच खाली का? वाचनालयाची सचिव मी आहे, उत्तर मलाच द्यावं लागतं. ‘ते नंतर आलं’ एवढंच मी आजवर सांगत आले. खरं उत्तर सांगायला तेवढं पुरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तहसील कचेरीत माझी तीस वर्षं झाली. माझ्या टेबलावरचा कागद हरवला असं कोणी म्हणू शकणार नाही. घरीही तसंच. किराणा, औषधं, गॅसचा नंबर, कोणाकडे कोणत्या लग्नात काय दिलं, सगळ्याच्या वह्या आहेत. त्यामुळे प्रजासत्ताक दिनाला तालुक्यातल्या माजी सैनिकांचा सत्कार करायचा आणि त्यांची नावं ग्रॅनाइटवर कोरायची असं वाचनालयाच्या समितीत ठरलं, तेव्हा यादी माझ्याकडे येणार हे उघड होतं. मी रकाने आखले. नाव, गाव, दल, पलटण किंवा जहाज, सेवेची वर्षं, शेरा. अकरा जणांनी माहिती दिली. दहा जण भूदलातले, एक नौदलातले.

ते एक म्हणजे जहाजवाले काका. बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत राहतात, वय ऐंशीच्या आसपास. पंधरा वर्षं नौदलात इंजिनांवर काम करून परत आले आणि इथे पिठाची गिरणी चालवली. गिरणीवर बसून ते जे किस्से सांगत, त्यांवर आमची अख्खी पिढी हसली आहे. त्यांच्या जहाजावर म्हणे कडुलिंब होता. एकदा जहाजात गाय शिरली आणि तिला हाकलता हाकलता एका साहेबाची टोपी गटारात पडली. सुटी मिळाली की ते सायकलवर बसून फाटकातून बाहेर पडत, आणि त्याला ‘किनाऱ्यावर जाणं’ म्हणत.

“काका, आज जहाज कुठं लावलं?” चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडायचं.

“बसस्टँडवर. नेरची गाडी हटली की काढतो,” काका म्हणायचे.

चेष्टेत तेही सामील व्हायचे, म्हणून आम्हाला ती चेष्टाच वाटली.

यादीत काकांनी जहाजाचं नाव लिहिलं होतं आणि पुढे दोन वेगवेगळे काळ, मध्ये सात वर्षांचं अंतर. जहाजाचं नाव इथे देत नाही. मला ते अंतर खटकलं. दगडावर कोरायचं म्हणजे खात्री हवी, असा विचार करून मी कचेरीत जेवणाच्या सुटीत मोबाइलवर ते नाव शोधलं. पहिल्याच पानावर जहाजाचा फोटो आला, आणि ते नौदलात दाखल झाल्याचं वर्षही. काका त्याच्या कितीतरी आधी निवृत्त होऊन गिरणीवर बसलेले होते. दोन मिनिटांत काम झालं. शेऱ्याच्या रकान्यात मी लाल शाईने लिहिलं, ‘पडताळणीत जुळत नाही. वगळावे.’ वहीत त्या आठवड्याची सतरा कामं लिहिलेली होती. काकांना फोन करून विचारणं हे त्यांत नव्हतं.

त्यांना निमंत्रण गेलं नाही. पण गावात कार्यक्रम सगळ्यांना माहीत होता, आणि आपण माहिती भरून दिली म्हणजे आपलं नाव आहेच असं ते समजले. यात त्यांची काय चूक? निळा कोट, छातीवर पदकं, डोक्यावर टोपी अशा थाटात ते आले आणि दुसऱ्या रांगेत काकूंशेजारी बसले. मी माइकवर एकेक नाव वाचत होते. प्रत्येक नावाला काका टाळी वाजवत आणि मग कोटाची बटणं चाचपत. आठवं झालं, नववं झालं. दहावं नाव झाल्यावर मी ‘यानंतर अध्यक्षीय भाषण’ म्हटलं तेव्हा ते उठायच्या बेतात होते. अर्धवट उठून ते परत बसले. हे मी व्यासपीठावरून पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय नाही.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी ते माझ्याकडे आले. टोपी हातात होती.

“ताई, माह्यं नाव राह्यलं का?”

त्यांना बाजूला घेता आलं असतं. मी तिथेच, दहाबारा लोकांसमोर, कचेरीतल्या आवाजात सांगितलं, “राहिलं नाही काका, वगळलं. तुम्ही लिहिलेलं जहाज तुम्ही रिटायर झाल्यावर पाण्यात उतरलं आहे. मी तपासलं.”

 लगेच एक जण म्हणाला, “म्हणजे कडुलिंबाचं झाडही गेलं म्हणा!” आणि हशा झाला.

काका शांतपणे म्हणाले, “ते नवं जहाज आहे ताई. त्याच्या आधी एक होतं. आणि मधातलं आमचं जहाज जमिनीवर होतं.”

त्यावर तर लोक पोट धरून हसले. मीही हसले. काकांनी हातातला कप न पिता तसाच टेबलावर ठेवला. काकू म्हणाल्या, “चला हो घरी,” आणि दोघं निघाले. त्या दिवसानंतर काका टपरीवर दिसले नाहीत. गिरणी मुलाने कधीच सांभाळायला घेतली होती, तिथेही ते बसेनात. गावात कोणी त्यांना जहाजवाले म्हणेना. आता दुसरं नाव पडलं होतं, ‘जमिनीवाले’.

मे महिन्यात नेरला एका लग्नाला गेले होते. पंगतीत माझ्या शेजारी नवरदेवाचा मावसभाऊ बसला होता. कोणीतरी सांगितलं की तो नौदलात आहे. मी सहज विचारलं, सध्या कोणत्या जहाजावर?

“जमिनीवरच्या,” तो जिलेबी मोडत म्हणाला.

“जमिनीवरच्या?” मी पुन्हा विचारलं. तो हसून समजावू लागला. नौदलाचे किनाऱ्यावरचे तळ कागदोपत्री जहाजंच असतात. तळाला जहाजासारखं नाव असतं, तो नौदलात जहाजासारखाच रीतसर दाखल होतो. तिथे नेमणूक झाली की माणूस ‘जहाजावर’ गेला आणि फाटकाबाहेर पडला की ‘किनाऱ्यावर’ गेला. नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. जुनं जहाज भंगारात निघालं की त्याचं नाव कधी एखाद्या तळाला मिळतं, आणि तळ बंद झाला की पुन्हा एखाद्या नव्या जहाजाला.

“आमच्या जहाजावर तर आंब्याची अकरा झाडं आहेत मावशी,” तो म्हणाला. “यंदा लोणचं घातलं.”

मी त्याला काकांच्या जहाजाचं नाव सांगितलं. जेवण झाल्यावर त्याने फोनवर शोधून दाखवलं. मी फक्त पहिलं पान पाहिलं होतं, त्याने खालपर्यंत नेलं. आधी एक जुनं लढाऊ जहाज. ते मोडीत निघाल्यावर काही वर्षांनी त्याच नावाचा किनाऱ्यावरचा तळ. तो दुसऱ्या तळात विलीन झाल्यावर, बऱ्याच काळाने, मी पाहिलं होतं ते नवं जहाज. काकांनी लिहिलेले दोन काळ पहिल्या दोन नोंदींत अगदी बरोबर बसत होते. त्यांनी एका रकान्यात जे थोडक्यात लिहिलं होतं, ते असं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. या म्हणाल्या, पाणी दिलं, आणि उभ्यानेच विचारलं, “आता कायची पडताळणी आहे?”

मी चूक झाली म्हटलं. लग्नातली हकिकत सांगितली.

“मंग यायले काहून नाही इचारलं? घर दूर होतं का आमचं?” काकू म्हणाल्या. “पेटीत सारे कागदं आहेत. मागतले असते तं दिले असते. बाकीच्या दहा जणायले मागतले का तुमी?”

मागितले नव्हते. बाकी दहांत कोणी माझ्या दिराचे मित्र, कोणी आमच्या आळीतले. कोणाची पलटण कुठे होती हे मी शोधलं नाही. फक्त एका माणसाचं तपासलं, आणि तो विहारामागच्या वस्तीतला. दोन काळांमधलं अंतर खटकलं म्हणून तपासलं हे खरं आहे. पण तेवढंच खरं आहे का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आणि छातीठोक उत्तर आलेलं नाही.

काका आतून पेटीतलं सेवापुस्तक घेऊन आले. पानं पिवळी पडली होती, शिक्के स्पष्ट होते. नाव दोनदा, सात वर्षांच्या अंतराने. मी पाहत होते तेव्हा त्यांनी विचारलं, “ताई, तुमी मधात केळापूरले होत्या ना?”

“हो. बदलीवर, सहा वर्षं.”

“केळापुरात कचेरी कुठं होती तुमची?”

 तालुक्याचं नाव केळापूर, पण कचेरी पांढरकवड्याला. सहा वर्षं मी पांढरकवड्यात बसले, तिथेच भाड्याने राहिले, केळापुरात एकदा देवीच्या दर्शनापुरती गेले. माझ्या सेवापुस्तकात मात्र सहाही वर्षं केळापूर लिहिलेलं आहे, आणि ते खोटं आहे असं आजवर मला कोणी म्हटलेलं नाही.

“नाव माह्यं कोरा नाही तं नका कोरू,” काका म्हणाले. “पण तुमी चार लोकायत बोलल्या. चार लोकायतच सांगा का मी खोटा नव्हतो.”

सांगेन, असं मी म्हणाले. वहीत लिहून घेतलं, ‘काकांबाबत खुलासा, दोन मिनिटं.’

समितीने नाव कोरायला लगेच मान्यता दिली. क्रम सेवेच्या वर्षांप्रमाणे होता, काका तिसरे यायला हवे होते. पण दहा नावं आधीच सलग कोरून झाली होती. खाली जागा होती, तिथे नाव गेलं. पुढच्या प्रजासत्ताक दिनाला काका तोच निळा कोट घालून आले. मी माइकसमोर उभी राहिले. पुढच्या रांगेत तहसीलदार, माझ्या कचेरीतले लोक, गेल्या वर्षी हसलेले सगळे. तोंडातून वाक्य निघालं ते असं, “गेल्या वर्षी एक नाव नजरचुकीने राहून गेले होते.”

नजरचुकीने. मी हा शब्द हजार टिपणींवर लिहिला आहे. त्यात कोणाचाच दोष नसतो.

काकांनी शाल घेतली, नारळ घेतला. खाली उतरताना माझ्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, “नजर नव्हती चुकली, ताई.”

वाचनालयाचा वार्षिक अंक कळंबच्या बहुतेक घरांत जातो. त्या दिवशी समोर बसलेले सगळे तो वाचतात. म्हणून हे त्यात देते आहे. काकांनी लिहून दिलेलं नाव मी न तपासता खोटं ठरवलं असं नाही. मी अर्धवट तपासलं, त्यांना विचारलं नाही, आणि ते खरं सांगत असताना हसले. वर्षभराने ते कबूल करायची संधी होती, तेव्हा पुन्हा खोटं बोलले. काका खोटे नव्हते. नजरचूकही नव्हती.

अंक छापायला देण्याआधी ही पानं घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि वाचून दाखवली. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. काकांनी डोळे मिटले होते. संपल्यावर त्यांनी ते उघडले. मग म्हणाले, “कडुलिंब एक नव्हता. दोन होते. एक मीच लावला होता.”

मी पेन काढलं. ते म्हणाले, “राहू द्या तसंच. खाली लिहा.”