हॉलच्या नकाशातली आमची खोली

२ मे, शनिवार. तिन्ही खोल्यांच्या एसीच्या जाळ्या काढून बाथरूममध्ये धुवायचं काम. इथे ओमानमध्ये, सोहारला, उन्हाळा लागला की हे दर पंधरा दिवसांनी करावंच लागतं. धूळ आणि दमट हवा मिळून जाळीवर लुकणासारखा थर बसतो. हात ओले होते, तेवढ्यात फोन वाजला. मुलीला म्हटलं, बघ कोणाचं काय आलंय.

"स्कूलचं आहे मम्मा. पीडीएफ. खूप लाँग आहे."

लाँग आहे म्हणजे ती वाचणार नाही. जाळी भिंतीला टेकवून मी हात पुसले.

मुलगी सहावीत आहे. ओळीतली अक्षरं तिच्यासमोर जागा बदलतात. चौथीपर्यंत रोज सकाळी पोट दुखायचं, शाळेची बस गेली की थांबायचं. मग शाळेने अशा मुलांसाठी एक बाई नेमल्या. जुन्या इमारतीच्या टोकाला त्यांची खोली. रोज दोन तास मुलगी तिथे बसते, बाकीचा वेळ वर्गात. आता ती वाचते. हळू वाचते, बोट ठेवून वाचते, पण पोट दुखत नाही. सोहारमध्ये आम्हाला परवडेल अशी दुसरी सोय नाही. ही खोली बंद झाली तर तिला नागपूरला आत्याकडे ठेवायचं, तिथे तशी शाळा आहे, हे मी ठरवून ठेवलं होतं. त्या शाळेचा फॉर्म माझ्या कपाटात होता. बारा वर्षांच्या मुलीला आईबापापासून दोन हजार किलोमीटर लांब ठेवायचा फॉर्म.

परिपत्रकात गुरुवारच्या पालकसभेचे विषय होते. पहिला विषय, बहुउद्देशीय हॉल. त्यावर दीड पान. पाचवा विषय, चहापानाच्या आधीचा, एका ओळीत: विशेष साहाय्य विभागातील कंत्राटी पदाचा आढावा. म्हणजे आमच्या बाई.

मी एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढते आहे. ज्याची चर्चा नको असते ते लोक शेवटी आणि बारीक लिहितात, हे मला या धंद्याने शिकवलं. आणि कंत्राटी पदाचा आढावा वाढवण्यासाठी घेतलेला मी तरी अजून पाहिलेला नाही.

शेवटच्या पानावर हॉलचा नकाशा जोडला होता. पालक नकाशा बघत नाहीत, चित्र बघतात. मी तो मोठा करून पाहिला. हॉलचं स्टेज सरळ जुन्या इमारतीच्या टोकाला येऊन भिडत होतं, आणि बाईंच्या खोलीवर लिहिलं होतं, ग्रीन रूम. कलाकारांनी कपडे बदलायची खोली. सभेने अजून काही ठरवायचं होतं, नकाशाने ठरवून टाकलं होतं.

मग हे कोणी केलं, याचा विचार सुरू झाला. माझा संशय लगेच एका माणसावर गेला. समितीचे सचिव रायगडकडचे, त्यांचं बांधकाम सामानाचं मोठं दुकान आहे. सगळे त्यांना भाई म्हणतात. हॉल बांधला तर फरशी कोणाची, दरवाजे कोणाचे, हे विचारायला फार अक्कल लागत नाही.

रविवारी, इथे तो कामाचा दिवस, ऑफिस सुटल्यावर त्यांच्या दुकानात गेले. निमित्त एसी साफ करायच्या ब्रशचं. भाई गल्ल्यावर होते. शेजारी कागदांचा गठ्ठा, त्यावर वजन म्हणून नळाची तोटी.

"या भाभी. ब्रश काय, मागवून घ्यायचा व्हता, पोऱ्यानी घरी आणून दिला असता."

"हॉलचं सामान तुमच्याकडूनच जाणार असेल ना भाई?" मी सरळच विचारलं.

भाई हसले. "तुमी पाचव्या हाव हा सवाल विचारणाऱ्या. लिहून दिलाय मी समितीला, माझ्या दुकानचा एक खिला पन त्या हॉलात नाय लागणार. धंदा गेला माझा, आणि इज्जत पन माझीच काढताव!"

पटलं नाही, पण लिहून दिलंय म्हणाले म्हणजे कागद असणार, आणि कागद तपासता येतो. मी गठ्ठ्याकडे बोट केलं. "हे काय?"

"अधिकारपत्रं. शिफ्टवाले लोक सभेला येत नाय, तं सही करून मत देतात. त्यांची बस हितंच थांबते ना."

आमच्या शाळेत कुटुंबाला एकच मत असतं, आणि ते दाखल्यावर ज्याचं नाव पहिलं त्याचं. व्हिसा नवऱ्याच्या कंपनीचा, म्हणून नाव नवऱ्याचं. सह्या केलेली पत्रं अशी दुकानात पडलेली, आणि मत कशाला ते आधीच लिहिलेलं. मी म्हटलं, "बसमधून उतरलेल्या दमलेल्या माणसाला पकडून सही घेता होय?"

"काय बोलताव भाभी!" आता ते हसत नव्हते. "पकडून कोणाला घेतली? तुमच्या मिस्टरांची हाय ना यात. वाचून सही केलीन त्यांनी. उभं राहून पुरी वाचलीन."

त्यांनी तोटी उचलून पत्र काढून दाखवलं. सही त्याचीच होती. वर छापलं होतं: हॉलच्या प्रस्तावास, जोडलेल्या नकाशासह, मान्यता. ब्रशचे पैसे देऊन मी निघाले.

नवरा ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. त्या दिवशी त्याला सुट्टी होती, सोफ्यावर बसून तो शेंगा सोलत होता. मी पर्स न ठेवताच विचारलं, "तुम्ही नकाशा पाहिला होता?"

त्याला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. म्हणजे पाहिला होता.

"पाहिला."

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू सही करू दिली नसतीस." त्याने शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "ती खोली गेली तर ती वर्गात बसेल. सगळ्यांसारखी. रोज दोनदा तिला उठवून नेतात, चाळीस पोरांसमोर. तुला माहितेय ते कसं असतं. आपल्याला नव्हते का उभं करत? स्कॉलरशिपचे फॉर्म आले की मास्तर म्हणायचे, तुमच्यातले तेवढे उभे राहा. मग सगळा वर्ग वळून बघायचा."

"मलाही उभं केलं होतं," मी म्हटलं. "मी उभी राहिले, फॉर्म घेतला, भरला, त्याच पैशांवर डिप्लोमा केला. तुम्ही काय केलंत? फॉर्म फाडलात?"

"नाही."

"मग?"

त्याने पुढची शेंग सोलायला घेतली. मुलगी आतल्या खोलीत होती आणि दार उघडं होतं, म्हणून मीही थांबले. हा माणूस खोटं बोलत नाही, पण न बोलून काय काय करतो, ते मला सतरा वर्षांनी कळत होतं. मी एवढंच सांगितलं, की नियमात आहे, माणूस स्वतः सभेला आला तर त्याचं पत्र रद्द होतं. गुरुवारी त्याची दुपारची शिफ्ट होती. "बघतो," म्हणाला. पुढचे चार दिवस मी त्याच्या या 'बघतो'चा अर्थ लावत राहिले आणि एकदाही चांगला लागला नाही.

सभा शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी सातला. उभे पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. पहिल्या दहा मिनिटांत एक आई उठून म्हणाली की तिचा मुलगा एप्रिलमध्ये प्रार्थनेच्या वेळी उन्हात चक्कर येऊन पडला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हॉल हवा होता, त्यात खोट नव्हती. खोट होती ती त्याच्या एका कोपऱ्यात.

अध्यक्षांनी समजावून सांगितलं की इमारतीचा निधी वेगळा आणि पगाराचा वेगळा, एकाचे पैसे दुसऱ्याला वापरता येत नाहीत. मी हात वर केला.

"मॅडम, तुम्ही मतदार नाही," अध्यक्ष हिंदीत म्हणाले.

"बोलू द्या ना, खुर्ची तं दिलीच हाय," भाई टेबलाच्या टोकावरून म्हणाले. काही लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

तेवढ्यात फाटकातून नवरा आला. अंगात कारखान्याची निळी डांगरी, पायात सेफ्टी शूज, गळ्यात कंपनीचं कार्ड. शिफ्ट अर्ध्यात कोणावर टाकून आला देव जाणे. माझ्याकडे न बघता तो टेबलापाशी गेला. "माझं पत्र परत द्या. मी आलोय." भाईंनी गठ्ठ्यातून काढून दिलं. त्याने घडी करून खिशात घातलं आणि अध्यक्षांना म्हणाला, "आमच्या घरातून ही बोलेल." मग सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसला.

मी उठले. "पैसे वेगळे आहेत, मान्य. मग इमारत बांधताना माणूस का कमी होतोय? आणि कमी करायचा नसेल, तर बाई बसणार कुठे तेवढं या नकाशात दाखवा."

अध्यक्षांनी नकाशा हातात घेतला आणि उलटा धरला. बाजूच्याने सुलटा करून दिला. मग ते म्हणाले, ग्रीन रूमशिवाय स्टेज होत नाही.

"होतं. स्टेजच्या मागे दीड मीटर जागा मोकळी सोडलीय. भिंत तेवढी सरकवली की कपडे बदलायची खोली तिथे बसते."

चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. हॉल मोठ्या फरकाने मंजूर. बाईंचं पद या वर्षापुरतं कायम, तेही थोडक्यात. खोलीबद्दल अध्यक्ष म्हणाले, सुधारित नकाशात बघू, इन्शाल्ला. आमच्या ऑफिसातले ओमानी लोक इन्शाल्ला मनापासून म्हणतात, ते मी ओळखते. हे तसलं नव्हतं. "सुधारित नकाशा काढायला खर्च येईल," असंही त्यांनी जोडलं.

"मी काढून देते. फुकट. मापं उद्या सकाळी घेते, चौकीदाराला सांगून ठेवा."

सगळ्यांसमोर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

गाडीत बसल्यावर नवऱ्याला विचारलं, "पाचव्याला काय टाकलंत?"

"गुप्त मतदान होतं."

"थोडक्यात वाचलं."

"मग झालं तर."

राउंडअबाउट येईपर्यंत मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही कळलं नाही. नागपूरचा फॉर्म कपाटात तसाच राहू दिला. एका वर्षाचं पद म्हणजे एक वर्ष.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुलीला उठवून शाळेत घेऊन गेले. शुक्रवारची सुट्टी, सगळं बंद. चौकीदाराने खोली उघडून दिली. टेपचं एक टोक मी भिंतीला धरलं, दुसरं तिच्या हातात. "वाच."

ती वाकली. टेपवर बोट ठेवलं, ओठ हलवले. बराच वेळ लागला. "पाच, पॉइंट, दोन, सहा." वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडे केली. "मम्मा, तू पण चेक कर. मी उलटं वाचते कधी कधी."

मी तिच्या बाजूला गेले आणि चेक केलं. पाच पॉइंट दोन सहा. मग तिला म्हटलं, आता रुंदी.