रुसलेल्या टॉवेलांचा पाचवा ढीग

भवानी पेठेतल्या जाहिदाआपा एकोणीस वर्षं टॉवेल तपासत आल्या. चिंचोळी एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी चौघी बसायच्या, आणि बाकीच्या तिघींना हे काम आपांनीच शिकवलेलं. त्यामुळे मालक श्रीमंतशेठनी "आता तपासणी कॅमेरा करणार, एआय बसवतोय" असं जाहीर केलं, तेव्हा आपांनी आधी त्या तिघींकडे पाहिलं. स्वतःचं एक वेळ राहू दे, त्यांच्यातल्या सगळ्यात नव्या मायाक्काचा तर नुकताच कुठे जम बसत होता. शेठ मात्र हवेत. शेजारच्या दोन कारखान्यांत असला कॅमेरा आला होता, आणि चिंचोळीत एकानं काही आणलं की बाकीच्यांना दम निघत नाही, हा तिथला जुनाच आजार.

मशीन घेऊन पुण्याहून वरद नावाचा इंजिनिअर आला. माणूस चांगला, पण टॉवेल हातात घेतलेला फक्त अंग पुसायला. मशीनला शिकवण्यासाठी त्याला नमुने हवे होते.

"आपा, डाग, भोक, तुटका धागा आणि वाकडी किनार, असे चार ढीग करून द्या. उरलेले चांगले."

आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे आपांना कळत होतं. पण काम मुद्दाम वाईट करणं त्यांना जमेना. तीन दिवसांत ढीग लागले. चार नव्हे, पाच.

"हा पाचवा कसला?" वरदनं विचारलं.

"रुसलेले हायत ते."

वरदनं त्यातले टॉवेल उलटसुलट करून पाहिले. कुठे डाग नाही, भोक नाही. बायका आपली फिरकी घेताहेत असं त्याला वाटलं, आणि मायाक्का तोंडाला पदर लावून हसली तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. त्यानं तो ढीग गुपचूप चांगल्यांत मिसळून टाकला.

चाचणीच्या दिवशी मशीन सुसाट चाललं. बारीकसा डागही सुटेना. शेठ खूश. आपांनी हिरवा दिवा मिळालेला एक टॉवेल चाचपला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

"आपा, मशीननं पास केलाय की त्यो," शेठ वैतागले.

"व्हय की. पर रुसलाय."

आपांनी तांब्याभर पाणी आणून टॉवेलावर ओतलं. पाणी आत मुरेचना. थेंब थेंब होऊन घरंगळलं ते थेट शेठच्या पॅंटवर.

"बघा, पानीच पीत न्हाय. धुलाईत कसर राहिली की असं होतंय. डोळ्याला दिसत न्हाय, हाताला कळतंय. गिऱ्हाईक अंग पुसंल आन् वलंच राहील."

वरदचा चेहरा उतरला. "चूक माझी, शेठ. आपांनी वेगळा ढीग दिला होता, मीच मिसळला. आणि नसता मिसळला, तरी कॅमेऱ्याला हे दिसलं नसतं." हे शेवटचं वाक्य त्याला गिळता आलं असतं. त्यानं गिळलं नाही, एवढं त्याचं कौतुक करायलाच हवं.

"मग डाग, भोकं मशीन बघंल," शेठ म्हणाले. "त्याच्या पुढं, आपा, तुमी बसा. तुमची जागा पक्की."

आपांना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण मागे बाकीच्या तिघी उभ्या होत्या.

"मशीन मिनटाला किती टॉवेल सोडतंय?" आपांनी वरदला विचारलं.

"चाळीस."

"माझे हात दोनच, शेठ. चौघी लागतील."

शेठनी मशीनकडे पाहिलं, मग भिजलेल्या पॅंटकडे पाहिलं. "बसा चौघी," ते म्हणाले.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मायाक्का आपांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. पंधरा दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. भवानी पेठेचा थांबा आला. आपांनी ड्रायव्हरला हातानंच पुढे जायला सांगितलं. पुढच्या, मायाक्काच्या थांब्यावरून त्या चालत येणार होत्या.