वैजूची वाफ

दम्याचं पोर घरात असलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. सल्ला द्यायला येणारा प्रत्येक जण एकेक ठेवून जातो! आमच्या तंजावूरच्या घरात तर निम्मे सल्लेवाले घरातच राहतात.

वैजू माझी नात, चार वर्षांची. आमच्याकडे मोठा पाऊस दिवाळीतच; गेल्या वर्षीच्या त्या पावसात ऑक्सिजन लावून हॉस्पिटलात पडली होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी औषधाची वाफ करणारं मशीन घ्यायला लावलं आणि बजावलं, "खोकला असो नसो, रोज सकाळ-संध्याकाळ. झालं की चूळ भरायची, तोंड धुवायचं. चुकवलंत तर इथंच परत भेटू." सून पापनाशमला शाळेत शिकवते, पहाटेच बस धरते. म्हणून हे काम माझ्याकडे. मी शिकले पाचवीपर्यंत. पण वैजूला त्या खाटेवर परत बघायचं नाही, एवढं कळायला पाचवी पुष्कळ झाली!

*

समोरच्या कमलामामी लगेच आल्या. "अय्यो, हे स्टेरॉइड म्हणे! जिममधली पोरं घेतात ते! सवय लागली तर?"

मी म्हटलं, "विचारून आलेय. ते वेगळं, हे वेगळं. हे अगदी थोडं, आणि थेट छातीत जातं. सवय लागत नाही."

"डॉक्टर असंच सांगणार!"

"मामी, उठल्यापासून ही तुमची कितवी कॉफी? सवयीचं माझ्याशी बोलूच नका!"

मामी रागावल्या. कॉफी संपवूनच गेल्या.

*

एकदा मी देवळात गेले होते म्हणून आमच्या ह्यांनी वाफ दिली. परत येऊन बघते तर पोरगी एकीकडे, मास्क हातभर लांब, आणि सगळी वाफ ह्यांच्या मिशीत!

"रडते गं ती. लांबून दिली. वाफ जाते ना तिकडे!"

"इडलीला सांबार लांबून दाखवलं तर ती भिजते काय?" मी विचारलं.

वैजूला मांडीवर घेतलं, मास्क नाकातोंडावर नीट बसवला, गाणं म्हटलं. रडं थांबलं. हे म्हणाले, "तुझ्या आवाजाला घाबरली!" असेल! वाफ छातीत गेली ना?

*

कुंभकोणमची नणंद आली ती नीलगिरी तेलाची बाटली घेऊनच. मशीनच्या कपाचं झाकण उघडून उभी! "दोन थेंब टाकते वहिनी. छाती मोकळी होईल. शेवटी वाफच ना?"

बाटली हिसकावली आणि तिला तिच्या स्कूटीजवळ नेलं. "उघड टाकी. पेट्रोलऐवजी खोबरेल घालू. शेवटी तेलच ना?"

त्या दिवशी नणंद जेवायला थांबली नाही.

*

पोटचा मुलगा तर सगळ्यांच्या वर! "अम्मा, तिला महिनाभर खोकला नाही. आता कशाला रोज?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं हेल्मेट कपाटात ठेवून दिलं. निघताना शोधायला लागला.

"आजपर्यंत पडलास काय रे?"

"नाही."

"मग कशाला रोज?"

मग बूट काढले, आत आला आणि मास्क स्वतः लावला पोरीला.

*

आणि आमच्या सासूबाई! ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज देवळाच्या घंटेसारखा. मशीनला त्या कधी चांगलं म्हणाल्या नाहीत. पण यंदाच्या नवरात्रातल्या सरस्वतीपूजेला सकाळी मी अंघोळ करून येते तर त्यांनी देवीपुढे मांडलेली वह्या-पुस्तकं, मुलाचा लॅपटॉप, माझं शिलाईयंत्र, आणि मधोमध चंदन-कुंकू लावलेलं वैजूचं मशीन! पूजेत ठेवलेली वस्तू आमच्याकडे दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलत नाहीत. बाहेर पाऊस लागलेला, वैजू उठल्यापासून शिंकत होती.

"अम्मा, वाफ द्यायचीय. मी मशीन उचलते," मी सासूबाईंना म्हटलं.

"उद्या! सरस्वती कोपेल."

"कोपू दे! तिला मी बघून घेते. पोरीचा श्वास उद्यापर्यंत वाट बघेल काय?"

मुलगा माझ्याकडे बघेना, हे भिंतीकडे बघताहेत. मी हात पुढे केला. सासूबाईंनी मनगट धरलं. वैजू पुन्हा शिंकली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मशीन हलवायचं नाही म्हटलं. पोरीला हलवू नको असं कोण म्हणालं?"

आणि स्वतः वैजूला उचलून पुस्तकांच्या शेजारी पाटावर बसवलं! कपाळाला चंदन-कुंकू लावलं. मुलाने वायर ओढून प्लग लावला, मी मास्क लावला. घर्रर्र! समई, उदबत्ती आणि मधे वाफेच्या ढगात आमची वैजू, मांडी घालून, डोळे मिटून.

तेवढ्यात दारात कमलामामी, पूजेचं तांबूल, म्हणजे पानसुपारी-कुंकू, घ्यायला आलेल्या. बघितलं मात्र, चपला कुठे उडाल्या ते कळलं नाही. हात जोडले, डोकं टेकवलं आणि ताटातलं केळं उचलून वैजूपुढे ठेवलं.

वाफ संपली. वैजूने मास्क वर केला आणि म्हणाली, "मामी, आधी चूळ भरते. मग खाते."